तिसऱ्या कथेतला मुलगा

नाटकमंडळीत त्यांना सगळे शाईकाका म्हणतात. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, पण त्या नावाने कोणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. वय एकोणसत्तर. धंदा नकलनविसाचा. संगीतकाराने पेन्सिलीने खरडलेली स्वरलिपी घ्यायची आणि त्यातून प्रत्येक वादकाचं, प्रत्येक गाणाऱ्याचं वेगळं पान शाईने उतरवून काढायचं, हे त्यांचं काम. आता ते सगळीकडे यंत्रावर होतं. दोनशे ऐंशी खुर्च्यांच्या या नाट्यगृहात ते अजून हाताने होतं, आणि त्याला कारण मंडळींचा जुन्यावरचा लोभ नाही. कारण पान उलटण्याचं आहे.

वादकाचे दोन्ही हात वाजवण्यात गुंतलेले असतात. पान संपतं तिथे नेमकी त्याची धावपळ चालू असली, तर एक हात सोडून पान उलटावं लागतं आणि चार स्वर गळतात. शाईकाकांच्या पानांवर असं होत नाही. वादकाला कुठे गप्प बसायचं आहे ते आधी हेरून ते पान बरोबर त्या शांततेवर संपवतात. त्यासाठी एखादी ओळ दाटीने लिहितात, एखादी सैल सोडतात, आणि बघणाऱ्याला ते कळतही नाही. पियानोवाली बाई म्हणते की काकांचं पान म्हणजे घरचा जिना आहे, दिवे गेले तरी पाय चुकत नाही.

त्यांची खोली रंगमंचाच्या मागे, लाकडी जिन्याने वर गेलं की उजव्या हाताला. खिडकीशी उतरतं मेज, त्यावर दोन टाक. जाड निबाचा स्वरांसाठी, बारीक निबाचा शब्दांसाठी. शाईच्या दोन बाटल्या, निबांचा पत्र्याचा डबा आणि चूक खरवडायला एक ब्लेड. एक ब्लेड वर्षभर पुरतं. कामाचा नियम एकच, वाचायचं नाही, बघायचं. मजकुरात शिरलं की हात चुकतो, असं त्यांचं म्हणणं. पंचेचाळीस वर्षांत शंभरावर नाटकं त्यांच्या हाताखालून गेली. त्यातल्या दहांची गोष्टसुद्धा त्यांना धड सांगता येणार नाही. बायको होती तेव्हा म्हणायची, हा माणूस जन्मभर पंगतीला वाढतो आणि उपाशी घरी येतो. तिला जाऊन नऊ वर्षं झाली.

गेल्या वर्षी मंडळींनी एक कथासंग्रह हातात घेतला. लेखिका ब्याऐंशी वर्षांची, उभी हयात औषधांच्या दुकानात काउंटरमागे काढलेली. अकरा कथा, आणि प्रत्येकीत पंचावन्नच्या पुढची दोन माणसं एकमेकांत गुंततात. दिग्दर्शकाने त्यातल्या तीन निवडून त्यांचं गाण्यांचं नाटक करायचं ठरवलं. पहिलीत पाय मोडलेले दोघं दवाखान्याच्या व्यायामखोलीत पुन्हा चालायला शिकतात. दुसरीत बोटीवरचा निवृत्त तिकीटवाला साठीत पोहायला शिकतो, ते पाण्यापेक्षा शिकवणारीच्या ओढीने. तिसरी एका किल्लीवाल्याची.

कागदावर या कथा फार अबोल होत्या. दोघं बाकावर बसतात आणि अर्धं पान कोणी काही बोलत नाही. गाणी दिग्दर्शक स्वतः लिहीत होता. जे बोलून भागतं त्याला गाणं लागत नाही, असं तो संगीतकार मुलीला सांगायचा. ती चौतीस वर्षांची, हजरजबाबी. ती म्हणायची, मग या पुस्तकातलं एकही माणूस बोलत नाही, म्हणजे सगळं पुस्तकच गाऊन टाकू. तरी कथेतला एकेक मुका क्षण शोधायचा आणि तिथे गाणं बसवायचं, अशी रीत हळूहळू ठरली.

मग नट आले आणि नव्या अडचणी आल्या. नायिका सहासष्ट वर्षांची. आवाज गोड, पण वयाने खाली उतरलेला. तिच्यासाठी सगळी गाणी दीड सूर खाली आणावी लागली, म्हणजे शाईकाकांना पाचही वादकांची पानं नव्याने लिहावी लागली. क्लॅरिनेटवाल्याने तक्रार केली की एवढ्या खाली त्याचं वाद्य म्हशीसारखं रेकतं. नायकाला गुडघे टेकून म्हणायचं गाणं होतं. पहिल्याच तालमीत टेकलेला गुडघा दोघांनी धरून उठवावा लागला, तेव्हापासून ते गाणं खुर्चीवर आलं. चष्मा न लावता वाचता यावं म्हणून शब्द दुप्पट मोठे लिहायचे ठरले. शब्द मोठे झाले की ओळी वाढतात, ओळी वाढल्या की पान भलत्याच ठिकाणी संपतं. शाईकाकांनी कुरकुर न करता सगळी पानं पुन्हा आखली.

ते गाणं धरून जात नाहीत, वाद्य धरून जातात. आधी पियानो, मग व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो, मग तालवाद्यं. गाणाऱ्यांची पानं त्यानंतर, आणि शब्द सगळ्यात शेवटी. त्यामुळे किल्लीवाल्याच्या कथेतले स्वर त्यांनी तीन आठवड्यांत पाच वेळा उतरवले तरी ती कथा काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुस्तक त्यांनी उघडलंच नव्हतं.

एका मंगळवारी दुपारी त्यांनी बारीक निबाचा टाक उचलला आणि विधवेच्या गाण्याखाली शब्द भरायला घेतले. ही विधवा पडदे शिवणारी. वर्षात तिसऱ्यांदा तिची घराची किल्ली हरवते आणि तिसऱ्यांदा ती कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडे जाते. सगळी गल्ली हसते, तिला पर्वा नसते. दुसऱ्या कडव्यापर्यंत आल्यावर शाईकाकांनी टाक खाली ठेवला.

त्यांची आई पडदे शिवायची. छप्पन्नाव्या वर्षी तिची किल्ली एका वर्षात तीनदा हरवली होती. त्या तिन्ही किल्ल्या दोऱ्याच्या रिळांच्या डब्यात, अगदी तळाशी, त्यांना स्वतःला सापडल्या होत्या. आणि समोरच्या घरात तेव्हा औषधांच्या दुकानात काम करणारी एक बाई राहत होती.

ही अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वडील जाऊन सात वर्षं झाली होती. किल्लीवाला साठीचा, एकटा, हळू बोलणारा. संध्याकाळी दुकान बंद करून तो वर यायचा. लांब पडदा मापायला आणि घडी घालायला दोन माणसं लागतात. तो दुसरं टोक धरायचा. बस, एवढंच कोणाला दिसायचं. एक टोक आईच्या हातात, एक त्याच्या हातात, मग दोघं चालत चालत एकमेकांजवळ यायचे, घडी पडायची, आणि पुन्हा मागे जायचे.

शाईकाका तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि त्यांचं लग्न ठरलेलं होतं. होणाऱ्या सासऱ्यांना थट्टेची हौस. एकदा चहा पिता पिता चार माणसांत त्यांनी विचारलं की काय हो, तुमच्या घरात आधी बार कोणाचा उडणार, तुमचा की आईसाहेबांचा? सगळे हसले. शाईकाकाही हसले. पुढच्या दिवशी दुपारी, आई गिऱ्हाइकाकडे गेलेली असताना, ते किल्लीवाल्याच्या दुकानात गेले.

त्यांनी आवाज चढवला नाही. किल्लीवाला एका किल्लीला कानस मारत होता. त्याच्यासमोर उभं राहून ते भरभर म्हणाले, "आईनेच सांगितलं, आता येऊ नका. तुम्हाला तोंडावर सांगायला तिला अवघड वाटतं."

आईने असं काही सांगितलेलं नव्हतं.

किल्लीवाल्याने हातातली किल्ली पुरी केली, फुंकर मारून कीस उडवला आणि "बरं" म्हणाला. मग मागच्या खुंट्यांवरून एक किल्ली काढून पुढे ठेवली. ही तुमच्या दाराची, माझ्याकडे एक राहिली होती, असं काहीसं तो म्हणाला. महिन्याभरात दुकानाला कुलूप लागलं. तो दुसऱ्या गावी गेला आणि काही वर्षांनी तिथेच वारला. आई आणखी बावीस वर्षं जगली. तो का गेला हे तिने मुलाला कधी विचारलं नाही, आणि मुलाने कधी सांगितलं नाही. ती किल्ली शाईकाकांनी फेकून दिली नाही. निबांच्या डब्यात टाकली, आणि ती तिथेच राहिली.

लेखिकेला यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिने खिडकीतून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. एक दिवस दुकान बंद झालं, एवढंच तिला कळलं, आणि कथेला शेवट हवा म्हणून तिने भर रस्त्यात मुलाला ओरडायला लावलं. पुस्तकात ते चार ओळींत उरकलं होतं. नाटकात मात्र मुलाला एक अख्खं गाणं होतं.

आणि ते गाणं काही केल्या जमत नव्हतं. मुलाचं काम करणारा नट तिशीतला, दमदार आवाजाचा. तो किल्लीवाल्यावर जीव तोडून ओरडायचा, "पुन्हा माझ्या घराची पायरी चढू नका," आणि लगेच पुढे किल्लीवाल्याचं गाव सोडतानाचं गाणं. दोन्ही गाणी सुटी ऐकली तर चांगली. पाठोपाठ ऐकली की दुसरं पोकळ वाटायचं. साठ वर्षांचा माणूस, आयुष्यभर कुलपं उघडत आलेला, तो एका पोराच्या ओरडण्याने गाव सोडेल? संगीतकार मुलगी सरळ म्हणाली की मी असते तर त्याच दिवशी संध्याकाळी दुप्पट हौसेने गेले असते.

दिग्दर्शकाने गाणं बदललं. मुलगा आधी विनवणी करतो आणि मग ओरडतो, असं केलं. मग गल्लीतल्या लोकांचा कोरस घातला. मग तो काढला. पाच वेळा गाणं बदललं आणि पाचही वेळा शाईकाकांनी सगळी पानं नव्याने उतरवली. तालमीला ते पियानोच्या मागे स्टुलावर बसतात, कुठे पान अडतंय ते बघायला. त्या खोलीत बारा-तेरा माणसं डोकं खाजवत होती आणि उत्तर माहीत असलेला माणूस स्टुलावर बसून होता. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा, असं पियानोवाल्या बाईने नंतर सांगितलं. तिला वाटलं, काकांची दाढ दुखते आहे.

त्यांच्या गप्प राहण्याला एक नाव होतं. चिमणी, म्हणजे धाकटी बहीण. आता चौसष्ट वर्षांची, दवाखान्यात एक्स-रे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त, जिना चढताना दोनदा थांबणारी, पण भावासाठी अजून चिमणीच. तिने लग्न केलं नाही. आईजवळ शेवटपर्यंत तीच राहिली, आणि आईच्याच घरात अजून राहते. किल्लीवाल्याचं नाव निघालं की अडतीस वर्षांनंतरही तिचा आवाज बदलतो. शिवाय नाट्यगृहाच्या प्रत्येक पहिल्या प्रयोगाला शाईकाकांना दोन पासेस मिळतात आणि बायको गेल्यापासून त्यातल्या एकावर चिमणी येते. तिने फोनवर विचारलं होतं की यंदा काय आहे. ते म्हणाले, म्हाताऱ्यांची प्रेमं. ती हसून म्हणाली, मग वेळेवर येते, शिकून घेते.

गाणं बदलून सहाव्यांदा आलं तेव्हा पहिला प्रयोग सोळा दिवसांवर होता. दिग्दर्शकाने या वेळी चाल संथ करवून घेतली होती, शब्द तेच ठेवले होते. शाईकाकांनी सकाळी वादकांची पानं केली, दुपारी गाणाऱ्यांची. मुलाच्या पानाखाली शब्द भरले, शाई वाळू दिली आणि पानं खाली पाठवली.

तालमीत नटाने पान समोर धरलं. गाणारा माणूस पानावर असेल ते म्हणतो. विचार नंतर करतो. संथ चालीवर, आवाज न चढवता, त्याने म्हटलं, "आईनेच सांगितलं, आता येऊ नका."

तो स्वतःच थांबला. पियानो थांबला. किल्लीवाल्याचं काम करणारा नट खुर्चीतून अर्धा उठला होता, तो तसाच राहिला.

दिग्दर्शकाने विचारलं की हे कुठून आणलंस. नट म्हणाला, पानावर आहे. सगळ्यांनी पान पाहिलं. शाईकाकांच्या वळणदार अक्षरात, दुप्पट मोठं, स्वच्छ लिहिलेलं होतं. चौदा स्वरांखाली चौदा अक्षरं, एकही दाटीने नाही. कुठे खाडाखोड नाही, ब्लेड लागलेलं नाही.

पंचेचाळीस वर्षांत शाईकाकांच्या पानावर परका शब्द आला नव्हता. ते स्टुलावरून उठले आणि म्हणाले की चूक झाली, द्या इकडे, दोन मिनिटांत नीट करून देतो. त्यांनी हात पुढे केला. पान दिग्दर्शकाच्या हातात होतं. त्याने ते दिलं नाही. तो ती ओळ मनाशी म्हणत होता.

"काका, आई असं खरंच म्हणालेली असते का? या गोष्टीत?" त्याने विचारलं.

"नाही," शाईकाका म्हणाले.

"म्हणजे तो खोटं बोलतो."

"हो."

"आणि किल्लीवाला विश्वास ठेवतो."

"ठेवेल ना. तो तिला विचारायला कसा जाईल? तिनेच येऊ नका म्हटल्यावर?"

मग संगीतकार मुलीने पियानोवाल्या बाईला खूण केली आणि तिने किल्लीवाल्याचं गाव सोडतानाचं गाणं सुरू केलं. तेच गाणं, एक स्वरही न बदलता. ते संपेपर्यंत या गाण्याला आता कोणी हात लावणार नाही हे सगळ्यांना कळलं होतं.

तालीम सुटल्यावर दिग्दर्शक वर खोलीत आला. त्याने फार खोदलं नाही. चूक आहे असं तुम्ही म्हणत असाल तर पान तुमचं, खरवडून टाका, एवढंच तो म्हणाला. पण मग तो माणूस गाव का सोडतो, ते मला दुसरं काहीतरी सांगा. शाईकाकांनी ते पान मेजावर ठेवलं आणि सोमवारपर्यंत मुदत मागितली. ते पान आपण कधी आणि कसं लिहिलं, हे त्यांना आजही आठवत नाही. शाई वाळताना खिडकीतून ऊन पानावर आलं होतं, तेवढं आठवतं.

ब्लेड मेजावरच होतं. एक ओळ खरवडायला दोन मिनिटं लागली असती. मग चिमणी पहिल्या प्रयोगाला आली असती, रस्त्यात ओरडणारा मुलगा तिने पाहिला असता, आणि घरी जाताना कदाचित म्हणाली असती की ही तर आपली गल्ली वाटते, पण तू कुठे असा ओरडला होतास. ओळ राहिली तर मात्र तिला ती दोनशे ऐंशी माणसांत, अंधारात, दुसऱ्याच्या तोंडून कळणार होती.

रविवारी दुपारी ते बहिणीकडे गेले. घर दुसऱ्या मजल्यावर, दरवाजा तोच, कुलूपही तेच. कधी तेल घातलं जातं, बदललं कधी गेलं नाही. तिने चहा केला. शाईकाकांनी चहा पिऊन घेतला, मग खिशातून ती किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. सासऱ्यांची थट्टा, दुकान, ते वाक्य. सांगायला सहा-सात मिनिटं लागली. ते भरभर बोलतात.

त्यांचं संपल्यावर चिमणीने कपातला चमचा काढून बशीत ठेवला.

"तो गेल्यावर आई पडद्याचं दुसरं टोक दाराच्या कडीला बांधायची," ती म्हणाली. "तुला माहीतच आहे, तू बघितलंयस."

त्यांनी मान हलवली.

"मी तिला काय सांगायचे, ते तुला माहीत नाही. मी सांगायचे की तो माणूस नालायक होता. भित्रा होता. बरं झालं वेळेवर कळलं. तिला बरं वाटावं म्हणून सांगायचे, दादा. बावीस वर्षं. तिने एकदाही हो म्हटलं नाही. मला वाटायचं, हट्टी आहे."



चिमणीने किल्ली उचलली. उठली, गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाली, दाराबाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. शाईकाका आत एकटेच. बाहेरून किल्ली कुलपात गेल्याचा आवाज आला. ती सहज फिरली. दार उघडलं. चिमणी उंबऱ्यात किल्लीकडे बघत उभी होती. अडतीस वर्षांत ती किल्ली त्या कुलपात पहिल्यांदाच गेली होती.

"काम चांगलं होतं त्याचं," ती म्हणाली.

मग शाईकाकांनी विचारलं की नाटकातली ती ओळ ठेवायची की काढायची. या प्रश्नावर तिचा आवाज प्रथमच चढला, तोही थोडाच.

"ते मला विचारू नकोस. विचारायचं होतं तेव्हा कोणाला विचारलं नाहीस. आता तुझं तू ठरव."

किल्ली तिने परत दिली नाही. जिना उतरताना शाईकाकांच्या लक्षात आलं की ती दारात निरोप द्यायला थांबलेली नाही.

सोमवारी सकाळी त्यांनी दिग्दर्शकाला सांगितलं की ओळ राहू द्या. का, कोणाची, हे सांगितलं नाही. दिग्दर्शकाने विचारलंही नाही. त्याने कदाचित अंदाज केला असेल. त्या आठवड्यात शाईकाकांनी त्या गाण्याची पाचही वादकांची पानं पुन्हा एकदा लिहिली, आणि या वेळी ती कोणी मागितलेली नव्हती. मुलाच्या त्या ओळीनंतर चालीत दोन आवर्तनं पूर्ण शांतता आहे. किल्लीवाला हातातलं काम पुरं करतो, तेवढी. शाईकाकांनी पाचही पानं तिथे संपवली. एरवी ते पाच जणांची पानं कधीही एकाच जागी संपू देत नाहीत, कारण पाच कागद एकदम उलटले की त्यांचा आवाज होतो. संगीतकार मुलीच्या हे ध्यानात आलं. ती म्हणाली की काका, तिथे कागद वाजणार. ते म्हणाले, वाजू दे.

पहिल्या प्रयोगाला चिमणी आली नाही. तिचा पास तिकीटखिडकीवर तसाच पडून राहिला. प्रयोग चांगला झाला. ब्याऐंशी वर्षांच्या लेखिकेला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. तिने प्रयोग संपल्यावर दिग्दर्शकाला एवढंच विचारलं की मुलाचं ते वाक्य माझ्या कथेत नव्हतं ना? नव्हतं, असं तो म्हणाला. ती म्हणाली की असायला हवं होतं. शाईकाका त्या वेळी तिथून चार हातांवर उभे होते. ते तिला भेटायला गेले नाहीत. तिने त्यांना ओळखलं की नाही, हे सांगता येत नाही.

पुढचे चार आठवडे बहिणीचा फोन आला नाही. यांनी दोनदा केला; तिने उचलला, बरी आहे म्हणाली आणि ठेवला.

नवव्या प्रयोगाला ती आली. स्वतः तिकीट काढून, मागून तिसऱ्या रांगेत. शाईकाका पियानोमागे असतात, तिथून प्रेक्षक दिसत नाहीत. त्यांना हे प्रयोग संपल्यावर कळलं, जेव्हा दरवाजावरच्या माणसाने वर निरोप आणला की बहीण खाली जिन्याशी थांबली आहे.

ती कठड्याला धरून उभी होती. रडलेली दिसत नव्हती.

"तो मुलगा फार हळू म्हणतो," चिमणी म्हणाली. "तू तर भरभर बोलतोस."

"तेव्हाही भरभरच बोललो होतो."

"मग इथे हळू कशाला?"

"मागे बसलेल्यांना ऐकू जायला हवं ना."

"ऐकू आलं," ती म्हणाली. "नंतर तो कागदांचा आवाजही आला."

दोघं रस्त्यावर आले. बस यायला वेळ होता. तिने पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यात ती किल्ली तिने अडकवलेली होती. ती बोटाने बाजूला केली, जुडगा परत आत टाकला आणि पर्स बंद केली. बस वळणावर दिसली तेव्हा ती म्हणाली की गुरुवारी दुपारी ती घरीच आहे, खिडक्यांचे पडदे धुवायला काढायचे आहेत, तिच्या एकटीच्याने ते उतरत नाहीत.

शाईकाका म्हणाले, येतो.

"आलास की बेल वाजव," चिमणी म्हणाली. "किल्ली माझ्याकडेच राहील."